सांगलीकराला हळद

शर्टाची बाही अजून पिवळी आहे आणि रागही ताजा आहे, तोवर लिहून टाकतो.

जाकार्तातल्या आमच्या घरी नासी कुनिंगचा बेत होता. नारळाच्या दुधात हळद, गवती चहाची काडी, सलामची म्हणजे इथल्या तमालपत्राची पानं आणि आपल्या केवड्याच्या कुळातलं पंदान घालून शिजवलेला पिवळाधमक भात. सणासमारंभाला त्याचाच शंकूसारखा डोंगर रचतात, तो तुंपेंग. भोवती कोंबडी, गोड-तिखट तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), ऑम्लेटच्या शेवया. शेंडा कापून मानाच्या माणसाला द्यायचा. 2014 मध्ये इथल्या पर्यटन मंत्रालयानं तुंपेंगला राष्ट्रीय पदार्थाचा मान दिला. आपल्याकडच्या हॉटेलांना मात्र नासी गोरेंगपलीकडे इंडोनेशिया ठाऊक नाही, तेही शेजवान सॉस ओतलेलं. असो.

कोंबडीसाठी बुंबू कुनिंग, म्हणजे पिवळं वाटण, आणायला मी बाजारात गेलो. बुंबूवालीकडे कांदा, लसूण, धणे, कमिरीच्या तेलकट बिया हे सगळं वाटून टबांत तयार असतं. लाल, पिवळं, पांढरं. ती फक्त ‘कोंबडी किती किलो?’ विचारते, डावानं पिशवीत ओतते आणि रबर लावते. चुटकीसरशी काम.

पण माझ्या पुढे एक इबू, म्हणजे बाई, उभी होती. गुलाबी हिजाब, पिशवीतून डोकावणारी कांगकुंगची जुडी. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

“पाक कुठले? इंडिया?” ‘पाक’ म्हणजे इथलं ‘साहेब’.

“हो.”

“आचा आचा!” आणि मान डावी-उजवीकडे डुगडुग.

टॅक्सीवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे मला पाहून ही मान हलवतात. आमच्या सांगलीत वरातीत पिऊन नाचणाऱ्यांचीसुद्धा मान अशी हलत नाही. पण परक्या मुलखात राहायचं तर हसावं लागतं. हसलो.

“मग करी हवी असेल.”

“नको. कुनिंग. कोंबडीला.”

“अहो, इंडिया म्हणजे करी!” ती बुंबूवालीला म्हणाली, “यांना करी दे गं.”

बुंबूवालीचा हात कडेच्या टबाकडे गेलाही. मी ओरडलो, “कुनिंग!” तेव्हा इबूला माझी कीव आली. तिनं समोरच्या ढिगातलं ओल्या हळदीचं कांडं उचललं आणि बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, “पाक. हे. कुन्यित. जमिनीखाली येतं.”

आता मी कुठला? सांगलीचा! जिथे हळदीचे सौदे निघतात, जिथे शेजारच्या हरिपुरात जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे, जिथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं तिला सुनवायला मी तोंड उघडलं, “इबू, आमच्या गावात ही...”

“नसणारच,” ती म्हणाली. “म्हणून तर सांगते.”

आणि कटकन कांडं मोडून, आतला ओला केशरी गाभा तिनं माझ्या पांढऱ्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत ओढला. “रंग बघा! धुतला तरी जात नाही.” मासेवाला सुरी थांबवून बघायला आला. एक पोरगं फिदीफिदी हसलं. “चिंचेबरोबर उकळून प्यायची. पोटाला बरी,” असा उपदेश वर मिळाला. माझ्या पोटाचं हिला कुणी सांगितलं?

चांगल्या मनाची असेल, नाही कुठे म्हणतो? पण परदेशी दिसला की त्याला काहीच येत नसणार, हे गृहीत धरायचं म्हणजे काय? इथल्या वाटणात धणे असतात, कधी जिरंही असतं, मी कुणा इबूला धणे शिकवायला गेलोय? आणि शिकवायचंच तर कमिरी शिकवा, ती मला खरंच माहीत नव्हती. ऑफिसचा शर्ट होता तो. तिला ‘आचा आचा’ म्हणून पुन्हा मान हलवायची होती, तीही हलवून झाली.

तेवढ्यात तिची पिशवी भरली. लाल वाटण, पांढरं वाटण, वर मूठभर सलामची पानं फुकट. जाताना माझ्या दंडावर थोपटून गेली, पिवळ्याच हातानं.

“हं पाक, किती किलो?” बुंबूवालीनं विचारलं.

“एक. कुनिंग.”

डाव करीच्या टबात आधीच बुडालेला होता. सलामच्या पानांचे तिनं वेगळे पैसे लावले.