‘ड्राइव्हवर टाका आणि मोबाइलमधून बिनधास्त पुसा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

सोलापुरातल्या सोसायट्यांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : मोबाइल भरला असेल तर सगळे फोटो आणि फायली गूगल ड्राइव्हवर किंवा गूगल फोटोजवर टाका आणि मोबाइलमधून बिनधास्त पुसा, तिथली जागा फुकट आहे, वर गेलेले काहीही कधी नष्ट होत नाही, लिंक ज्याला पाठवाल त्यालाच फाइल दिसते, हवी तेव्हा ती एका टिचकीत परत मिळते, म्हणून हार्ड डिस्कवर पैसे घालवू नका. फोन चोरीला गेला किंवा पाण्यात पडला तर क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या कंपनीच्या संगणकांवरची, प्रत कामाला येते, एवढा भाग खरा आहे. परंतु फाइल वर पाठवणे, ती दोन्हीकडे सारखी ठेवणे आणि तिची स्वतंत्र प्रत जपणे ही तीन निराळी कामे आहेत, आणि नवख्या माणसाचे नुकसान होते ते ही तिन्ही एकच समजल्यामुळे.

सर्वांत घातक सूचना ‘टाका आणि पुसा’ हीच आहे, म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहू. ड्राइव्हच्या ॲपमध्ये अधिकचे चिन्ह दाबून आपण स्वतः चढवलेली फाइल ही स्वतंत्र प्रत असते. मोबाइलमधली मूळ फाइल पुसली तरी ती वर राहते. गूगल फोटोजचे मात्र तसे नाही. तिथे बॅकअप, म्हणजे फोटो आपोआप वर चढवण्याची सोय, चालू असताना त्याच ॲपमधून फोटो पुसला तर तो फोनमधून जातो आणि क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो आणि नंतर कायमचा नाहीसा होतो. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्याच ॲपमध्ये जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे आणि तो बॅकअप पूर्ण झालेल्या फोटोंनाच हात लावतो. संदेशात या पर्यायाचा उल्लेखही नाही. संगणकावर ड्राइव्हचे फोल्डर जोडून ठेवणाऱ्यांनाही हेच लागू होते : नवी पेठेतल्या दुकानदाराने हिशेबाची फाइल त्या फोल्डरमधून पुसली, तर ती वरूनही कचरापेटीत जाते आणि ३० दिवसांनी संपते.

दुसरी अडचण यापेक्षा साधी आहे आणि म्हणूनच लक्षात येत नाही. गूगल फोटोज सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंचा बॅकअप घेते. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते. घरातल्या बारशाचे आणि साखरपुड्याचे निम्मे फोटो नातेवाइकांनीच पाठवलेले असतात; ‘सगळे वर गेले’ असे समजून गॅलरी रिकामी करणारा नेमके तेच गमावतो. ॲपच्या वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवले की बॅकअप पूर्ण झाला की काही फोटो शिल्लक आहेत हे तिथे लिहिलेले दिसते. ते वाचल्याशिवाय काहीही पुसू नये.

जागा फुकट आहे हे अर्धसत्य आहे. गूगलच्या एका खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज यांची मिळून असते. उच्च दर्जाचे म्हणून ठेवलेले फोटो पूर्वी या हिशेबात धरले जात नसत. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा भरली की नवे फोटो चढत नाहीत आणि त्याच खात्यावरची ईमेलही अडते. मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह आणि ॲपलचे आयक्लाउड यांची फुकट जागा तर प्रत्येकी ५ जीबीच आहे. जागा वाचवणारा दर्जा निवडला असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात आणि व्हिडिओ १०८० पी पर्यंत उतरवले जातात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचे फोटो मोबाइलवर पाहण्यासाठी एवढे पुष्कळ आहे, पण लग्नाचा अल्बम छापणाऱ्या छायाचित्रकाराने मूळ फाइल पुसून चालणार नाही.

‘कधी नष्ट होत नाही’ हे विधान सरळ चुकीचे आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या, ग्राहकांच्या फायली साठवणाऱ्या माहिती केंद्राची एक इमारत आगीत जळून गेली आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा ग्राहकांची माहिती परत मिळाली नाही. अर्थात मोठ्या कंपन्या एकाच फाइलच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवतात, त्यामुळे सामान्य माणसाला आगीपेक्षा स्वतःच्या खात्याचीच धास्ती अधिक असावी. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातल्या सामग्रीसह पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. पासवर्ड विसरला आणि ओटीपी येणारा जुना क्रमांकही बंद झाला, तर फाइल वर सुखरूप असूनही मालक बाहेरच राहतो. शिवाय बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि मग ओटीपी त्याच्याकडे जाऊ शकतो.

लिंकबद्दलचा दावा सेटिंगवर अवलंबून आहे. प्रवेश ठरावीक ईमेलपुरताच ठेवला असेल तर तो खरा आहे. परंतु ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडला, आणि घाईत अनेक जण तोच निवडतात, तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल उघडता येते. टॉवेल आणि चादरींच्या कारखानदाराने नमुन्यांचे फोल्डर अशा प्रकारे ग्राहकाला दिले आणि महिन्याभराने दरपत्रकही त्यातच टाकले, तर तेही जुन्या लिंकवर दिसू लागते. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर लॉग-इन तसेच सोडून निघून येणाऱ्यांच्या फायली पाहायला तर कोणाला लिंकचीही गरज पडत नाही.

‘एका टिचकीत परत मिळते’ हे दोन-चार फोटोंपुरते ठीक आहे. लग्नाच्या ४० जीबी फायली १० एमबीपीएसच्या (सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या) जोडणीवरून चढवायला किंवा उतरवायला, वेग एकदाही कमी झाला नाही तरी, जवळपास नऊ तास लागतात; दिवसाला २ जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर त्याच कामाला वीस दिवस जातील. ब्राउझरमधून चढवताना तो टॅब बंद केला की काम तिथेच थांबते. मोठे फोल्डर उतरवले तर ते अनेकदा झिपच्या, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेल्या फाइलच्या, तुकड्यांत येते आणि सगळे तुकडे उतरवून उलगडल्याशिवाय फोल्डर पूर्ण होत नाही. एक तुकडा राहिला तरी संगणक काही तक्रार करत नाही; वरच्या आणि खालच्या फायलींची संख्या स्वतः ताडून पाहावी लागते.

राहता राहिली हार्ड डिस्क. केवळ हार्ड डिस्कवर विसंबणेही तितकेच चुकीचे आहे, कारण तीही बंद पडते. पण क्लाउडला ती पर्याय नसून जोड आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी, असा संगणक क्षेत्रातला रूढ नियम आहे. फोन, हार्ड डिस्क आणि क्लाउड मिळून तो पुरा होतो. फायली डिस्कवर उतरवल्यानंतर त्यांपैकी काही, विशेषतः मोठे व्हिडिओ, उघडून शेवटपर्यंत चालतात का ते पाहावे, डिस्क संगणकापासून काढून ठेवावी आणि मगच फोनमधली जागा मोकळी करावी; त्यानंतर प्रती दोनच उरतात, हे मात्र लक्षात ठेवावे.