नव्याण्णव टक्के कशाचे? ‘बादलीच्या जुगाडा’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या प्रतिक्रियेला कमेंटच्या चौकटीत मावेल एवढं छोटं उत्तर देता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी म्हटलं होतं की, हौशी सुतारकाम करणाऱ्याचं बजेट तोकडं असेल तर त्याने सायक्लोन (व्हॅक्यूमच्या आधी बसणारं, हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारं भांडं) बादलीचा घरीच करावा आणि वाचलेल्या पैशांत व्हॅक्यूमला हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळही अडवणारा) घ्यावा. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘हा लोकांच्या फुप्फुसांशी खेळ आहे. विकतचा सायक्लोन नव्याण्णव टक्के धूळ पकडतो. माझ्या कलेक्टरची (भुसा ओढणाऱ्या मोठ्या यंत्राची) कापडी पिशवी वर्षभर रिकामी आहे, हवं तर गाळ्यावर येऊन बघा. प्लॅस्टिकच्या बादलीत स्टॅटिकने आग लागते ती वेगळीच. चार पैसे वाचवायचे असले सल्ले देऊ नका.’

फुप्फुसांची काळजी तुम्हाला वाटते, मलाही वाटते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केलंय, पहिल्या गटात टाकून. नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग इंग्लंडमधल्या हाय विकम भागातल्या फर्निचर कामगारांत वारेमाप दिसला, तेव्हापासून हा धागा सुरू झाला. तेव्हा ‘भुसाच तर आहे’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. वाद आहे तो सायक्लोन फुप्फुसं वाचवतो की नाही, यावर. माझं म्हणणं असं की नाही वाचवत. घरचाही नाही आणि विकतचाही नाही. सायक्लोन फिल्टर वाचवतो. फुप्फुसं फिल्टर वाचवतो.

आता ते नव्याण्णव टक्के घेऊ. डब्यावर छापलेला हा आकडा वजनाचा असतो. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भुशाचा एक कण आणि १ मायक्रॉनचे दहा लाख कण यांचं वजन सारखंच भरतं, कारण व्यास शंभरपट झाला की आकारमान शंभराच्या घनाने वाढतं. म्हणजे यंत्राने नुसते मोठे कण पकडले आणि बारीक सगळे सोडून दिले, तरी वजनकाट्यावर नव्याण्णव टक्के दिसतील. आकडा खोटा नाही, पण छातीत उतरणारी धूळ त्या उरलेल्या एक टक्क्यातच असते.

तो एक टक्का किती, तेही मोजू. समजा, १ किलो भुसा ओढला. ९९० ग्रॅम बादलीत पडला, १० ग्रॅम पुढे गेला. १० बाय १२ ची खोली, ९ फूट उंची, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागी मर्यादा आहे घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम, आठ तासांच्या सरासरीने. त्या हिशेबाने तुमच्या अख्ख्या खोलीत एका वेळी तरंगायला परवानगी किती? ९० मिलिग्रॅम. एक दशांश ग्रॅमही नाही. आणि सायक्लोनमधून निसटलेत १० ग्रॅम! आता ते सगळे एकाच वेळी हवेत नसतात, काही खाली बसतात, काही दारातून जातात, हे मान्य. पण शंभरपटीचा फरक एवढ्याने भरून निघत नाही. सायक्लोनच्या मागे फिल्टर कोणता आहे, हा प्रश्न म्हणूनच आधी.

बारीक कण का निसटतात, यात घर की दुकान हा मुद्दाच येत नाही. हवा गोल फिरते, जड कणाला तेवढं वळता येत नाही, तो भिंतीकडे फेकला जातो आणि घरंगळत खाली पडतो. भिंतीकडे जाण्याचा त्याचा वेग व्यासाच्या वर्गाने बदलतो: १० मायक्रॉनचा कण १ मायक्रॉनच्या कणाच्या शंभरपट वेगाने भिंत गाठतो. १ मायक्रॉनचा कण भिंतीपर्यंत पोचायच्या आत मधल्या नळीतून हवेबरोबर वर निघून जातो. चांगल्या घडणीने ही सीमारेषा थोडी खाली सरकते, पुसली जात नाही.

तुमच्या रिकाम्या पिशवीबद्दल. हा पुरावा तुमच्या बाजूचा वाटतो खरा, पण तो दोन्हीकडून वाचता येतो. भुसा सायक्लोनने खाली अडवला म्हणून पिशवी रिकामी, हे एक. उरलेली बारीक धूळ कापडाच्या विणीतून सरळ पार झाली म्हणूनही रिकामीच, हे दुसरं. स्वस्त कलेक्टरबरोबर येणारं कापड बहुधा ३० मायक्रॉनचं असतं. त्यात गंमत अशी की, जुन्या पिशवीवर धुळीचा थर बसला की ती बरी गाळते. तुम्ही पुढे सायक्लोन लावून तो थरच बसू दिला नाहीत. ट्यूबलाइटच्या पट्टीवरून आणि पंख्याच्या पात्याच्या वरच्या बाजूने एकदा बोट फिरवा. भुशासारखं खरखरीत काही लागणार नाही, टाल्कम पावडरसारखं मऊ लागेल. जे बोटाला लागलं ते निदान खाली बसलेलं तरी होतं. स्थिर हवेत डोक्याच्या उंचीवरून १० मायक्रॉनचा कण जमिनीवर यायला दहाएक मिनिटं लागतात, १ मायक्रॉनच्या कणाला बारा तासांच्या आसपास. मशीन बंद झाल्या झाल्या मास्क काढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग घरचा आणि विकतचा यांत फरक नाहीच का? आहे, आणि तो मी लपवलेला नाही. विकतच्या सायक्लोनच्या, साच्यातून निघालेल्या शंकूची आतली बाजू गुळगुळीत असते, सांधा नसतो, आत येणारी नळी भिंतीला बरोबर स्पर्शरेषेत बसवलेली असते, मधली नळी योग्य खोलीपर्यंत उतरलेली असते. यूट्यूबवर दिसणाऱ्या बादल्यांत यातल्या शेवटच्या दोन गोष्टी चुकतात. झाकणाला दोन भोकं पाडून दोन एल्बो चिकटवले की झाला सायक्लोन, असं नाही. बाहेर जाणारी नळी आत येणाऱ्या नळीच्या खालच्या कडेपेक्षा खाली उतरली नाही, तर आलेली धूळ गोल न फिरता थेट तिच्यात घुसते. रंध्याच्या ढलप्यांना ते चालून जातं, सँडरच्या (पॉलिश पेपरने घासणाऱ्या यंत्राच्या) पिठाला नाही. शंकू जमत नसेल त्याने फिल थीन या अमेरिकन हौशी कारागिराच्या नावाने ओळखला जाणारा बॅफल करावा. बादलीत आडवी प्लायची चकती, तिच्या कडेने सुमारे २४० अंशांपर्यंत इंचाहून किंचित रुंद फट, बाकीची कड भिंतीला टेकलेली. भुसा फटीतून खाली जातो आणि वरचा भोवरा त्याला परत उचलू शकत नाही. उंचीही कमी लागते.

एक गोष्ट मात्र घरच्यात आणि विकतच्यात अगदी सारखी बिघडते: खालच्या बादलीचं झाकण. विकतचा महागडा शंकूसुद्धा शेवटी कुठल्यातरी बादलीवरच बसतो. झाकणाच्या कडेतून हवा आत ओढली गेली, तर ती शंकूच्या तळातून वर चढते आणि नुकताच खाली पडलेला भुसा घेऊन फिल्टरकडे निघते. शंकूच्या घडणीत कमावलेलं सगळं ही एक फट घालवते. तपासणं सोपं आहे. व्हॅक्यूम चालू करा, उदबत्ती पेटवून झाकणाच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे फोमची पट्टी लावा किंवा सिलिकॉन भरा. आणि बादली गळ्यापर्यंत भरू देऊ नका, दोन-तृतीयांश झाली की रिकामी करा.

बादली दबण्याची भीतीही दोघांना सारखीच. शॉप व्हॅकचा (कामाच्या जागी वापरायच्या व्हॅक्यूमचा) पाइप एखाद्या ढलपीने बंद झाला की आतला दाब सहज २० किलोपास्कलने उतरतो. ३० सेंटिमीटरच्या झाकणावर तो साधारण १४० किलोचा भार होतो. रंगाची २० लिटरची बादली तेव्हा असा आवाज करून आत जाते की खालच्या मजल्यावरचे वर येतात. एकात एक दोन बादल्या घाला, किंवा आत प्लायची रिंग बसवा.

स्टॅटिकचं, म्हणजे घर्षणाने साठणाऱ्या विजेचं, थोडक्यात. पाइपला हात लावला की चटका बसतो, हिवाळ्यात पुण्याच्या कोरड्या हवेत जास्तच. पण धुळीचा स्फोट व्हायला घनमीटरभर हवेत निदान तीस-चाळीस ग्रॅम बारीक धूळ तरंगती लागते. एका सँडरच्या पाइपमध्ये एवढी दाटी होत नाही. चटक्याचा त्रास असेल तर उघडी तांब्याची तार पाइपभोवती गुंडाळून अर्थिंगला जोडा. खरी आग लागते ती ग्राइंडरच्या ठिणगीने. लोखंड घासायचं आणि त्याच व्हॅक्यूमने ओढायचं, बादलीत आधीचा भुसा, ठिणगी आत धुमसत राहते आणि तुम्ही शटर ओढून घरी. तेव्हा बादली प्लॅस्टिकची असो की पत्र्याची, तीत धातूकाम आणि लाकूडकाम एकत्र नको.

आता पैशांचं, कारण तुमचा खरा टोमणा तिथे होता. दोन इंची पाइपचा व्हॅक्यूम असेल आणि फिल्टर घेऊनही पैसे उरत असतील, तर प्लॅस्टिकचा शंकू खुशाल विकत घ्या, आठवड्याचे शनिवार-रविवार वाचतील. मात्र तुमच्यासारखा चार इंची पाइपचा कलेक्टर असेल तर हिशेब उलटा होतो. मोठा आयात केलेला सायक्लोन खिसा कापतो, आणि तेच काम आपल्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही बरा पत्रेवाला करून देतो. सायक्लोनचा अभ्यास केलेल्या लॅपल या इंजिनियरची जुनी, पुस्तकात छापलेली प्रमाणं त्याला द्या. अंगाचा व्यास ३०० मिलिमीटर धरला तर आत येणारं तोंड १५० उंच आणि ७५ रुंद, बाहेर जाणारी नळी १५० ची, सरळ भाग ६००, शंकू ६००, तळाचं भोक ७५. तोंडाशी सेकंदाला १८ मीटर वेग धरला तर सुमारे ४३० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. शॉप व्हॅकला हाच शंकू लावू नका. तो एवढी हवा देत नाही, भोवरा पडत नाही, आणि मग लोक म्हणतात सायक्लोन चालत नाही.

आणि एक गोष्ट अमेरिकन व्हिडिओ बघून आपल्या लक्षात येत नाही. ते लोक गाळलेली हवा खोलीत परत सोडतात, कारण हिवाळ्यात तापवलेली हवा बाहेर टाकणं त्यांना परवडत नाही. आपल्याला कसली भीती? गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिलच्या छपरावर पत्र्याचा शंकू उभा असतो, त्याची हवा उघड्यावर जाते. तुम्ही लिहिलंय की गाळ्याची मागची खिडकी मोकळ्या प्लॉटवर उघडते. मग पिशवी काढा, कलेक्टरचं तोंड पाइपने त्या खिडकीबाहेर न्या आणि पुढचं शटर थोडं वर ठेवा, म्हणजे आत हवा येत राहील. प्लॉटवर उद्या इमारत उभी राहिली तर हे चालणार नाही, तेव्हा चुण्यांचा कार्ट्रिज फिल्टर लागेल. तोवर खर्च जवळजवळ पाइपाचाच.

ते करायच्या आधी एका रात्री दिवे बंद करून, कलेक्टर चालू ठेवून सँडर चालवा, मास्क लावून, आणि पिशवीच्या बाजूने टॉर्चचा झोत टाका. झोतात काय दिसलं ते इथेच खाली लिहा. काहीच दिसलं नाही, तर तुमच्या पिशवीचं कापड कोणतं आणि कुठून घेतलंत तेही लिहा. मलाही घ्यायचंय.