पोळ्याच्या दिवशी लॉगिन कसे करावे

मोठ्या आयटी कंपनीत नोकरी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या खेड्यात घर, असा योग जुळला असेल तर अभिनंदन. तिथे नांदायच्या काही युक्त्या सांगतो. मागच्या पोळ्याला शिकलो, गेल्या आठवड्यातल्या अप्रेझलला पक्क्या झाल्या.

सुट्टी तीन आठवडे आधी टाका. 'अप्रूव्ह्ड' आलं की लॅपटॉप बॅगेत भरा आणि गावी न्या. पोळा ऑफिसच्या यादीत शोधू नका. २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या देतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या ४ आपसात ठरवायच्या. आमच्या त्या पुण्यात बसून ठरतात. चार दिवसांनी गणपती आहेच ना!

दुपारी तीनला फोन येईल, 'दोन मिनिटांचा क्विक कॉल.' घ्या. घरात रेंज नसते, म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसा. कॉलवर चौदा जण, त्यातले अकरा म्यूटवर. सर्व्हर पडला असेल म्हणून घाबरू नका. सोमवारी मोठ्या साहेबांना दाखवायच्या डॅशबोर्डवर एक आलेख लाल दिसतोय, तो हिरवा हवाय. आकडे तेच ठेवून! लाल का दिसतोय ते सांगायला जाऊ नका. मी गेलो, तर 'लेट्स टेक धिस ऑफलाइन.' ती दोन मिनिटं पावणेतीन तास चालली. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या, 'हर बोला हर हर महादेव' गच्चीपर्यंत आलं, आणि कॉलवर कुणीतरी म्हणालं, 'समबडी प्लीज म्यूट.' तोरण सुटलं. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, असे बैल दाराशी आले. आई ओवाळायचं ताट घेऊन उभी. आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने त्यांचे खांदे मीच शेकले होते, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' मीच म्हटलं होतं. पाहुणे दारात आणि यजमान स्क्रीन शेअर करतोय. बाबा खालून ओरडले, "अबे, पोळ्याच्या दिवशी बैलाले जुपत नाही कोनी. तुले कोनं जुपलं?"

मी म्यूट करायचं विसरलो होतो.

चॅटवर नावापुढचा 'ऑनलाइन'चा हिरवा ठिपका विझू देऊ नका. जेवताना डाव्या हाताने माउस हलवत राहा.

चूक आपल्या नावावर, श्रेय साहेबांच्या.

अप्रेझलमध्ये 'काम उत्तम, पण बेल कर्व्ह', म्हणजे टीममधलं कुणीतरी तळाला टाकायचंच, असं ऐकलं की मान डोलवा. मायक्रोसॉफ्टने ही रँकिंग २०१३ मध्येच बंद केली, हे बोलू नका. आमच्याकडेही ती नाहीच म्हणतात. फक्त दरवर्षी टीममधला कुणीतरी एक तळाला जातो. यंदा माझी पाळी. शेरा: 'सणासुदीच्या काळात उपलब्धता सुधारावी.'

उपलब्धता? सुट्टी तूच मंजूर केलीस ना रे? तो आलेख लाल आहे कारण क्वेरी अर्धा डेटा गाळते. मार्चपासून सांगतोय. दुरुस्तीला आठ दिवस मागितले, ते दिले नाहीस, आणि रंग बदलायला चौदा माणसांची सणाची दुपार खाल्लीस. लाज वाटत नाही? दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला गावची पोरं इडापिडा गावाबाहेर घालवायला 'घेऊन जाय गे मारबत' ओरडत शिवेकडे निघाली, तेव्हा मी मनात तुझंच नाव घेतलं. मग माझंही घेतलं. गच्चीवर चढलो मीच होतो. आणि तुम्ही वाचणारे, हसू नका. तुम्हीही चढता. रविवारी चढता, बायकोच्या बाळंतपणात चढता, आणि न चढणाऱ्याला आळशी म्हणता.

पुढच्या पोळ्याला लॅपटॉप पुण्यातच राहील. डॅशबोर्ड तुझा तू रंगव.