सुट्टी नव्हे, टाळं

ब्रिटनच्या संसदेचा विषय निघाला की २०१९ सालचा एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: ‘पंतप्रधान बोरिस जॉन्सननी पाच आठवडे संसद बंद ठेवली, तर एवढा गहजब कशाला? सप्टेंबरात पक्षांच्या अधिवेशनांसाठी खासदार सुट्टीवरच असतात. बुडाले ते मोजके दिवस. सत्रही दोन वर्षं लांबलं होतं, ते कधीतरी संपवायचंच होतं. आणि उन्हाळाभर मजा मारून आलेल्यांनी लोकशाहीच्या नावानं गळा काढू नये.’ राजकारण्यांवर चिडलेल्या कुणालाही हे पटेल. पहिल्यांदा मलाही पटलं होतं.

सगळी मेख ‘सुट्टी’ या शब्दात आहे. सुट्टी सभागृह स्वतः मंजूर करतं, ठराव मांडून. त्या काळात संसदीय समित्या बसू शकतात, मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारता येतात. सत्रसमाप्ती, म्हणजे चालू सत्र संपवून नवं सुरू होईपर्यंत संसद बंद ठेवणं, खासदारांच्या हातात नसते. पंतप्रधान सल्ला देतात, राजा किंवा राणी हुकूम काढते. तो २८ ऑगस्टला राणीच्या स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल वाड्याहून निघालाही. सत्र संपलं की समित्या बंद, प्रश्न बंद, आणि अर्धवट राहिलेली बहुतेक विधेयकं बाद. घरगुती हिंसाचाराविरुद्धचं विधेयक जुलैत मांडलं होतं, तेही त्यात गेलं. (आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ नुसार सत्रसमाप्तीमुळे विधेयक बाद होत नाही. तिकडे तसं नाही.) शिक्षक रजेवर गेले काय आणि संस्थाचालकांनी शाळेला टाळं ठोकलं काय, वर्ग रिकामाच दिसतो, म्हणून दोन्ही एकच होत नाही.

‘मोजके दिवस’ हा हिशेब कुठून आला? खुद्द जॉन्सन यांच्या टिपणातून. ऑगस्टमध्ये त्यांनी हातानं लिहून ठेवलं होतं की सप्टेंबरातलं कामकाज म्हणजे खासदार पगार कमावतात हे लोकांना दाखवण्याचा खटाटोप, आणि काळ पक्ष-अधिवेशनांचा असल्यानं प्रत्यक्षात फार थोडे दिवस बुडतील. संसद बंद ठेवण्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, तेव्हा हे टिपण न्यायालयासमोर आलं. सर्वोच्च न्यायालयानं हिशेब वेगळा मांडला: उन्हाळी सुट्टी संपल्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघ सोडण्याच्या तारखेपर्यंत, आठ आठवडे होते. त्यातले पाच गेले.

सत्र लांबलं होतं, हे मात्र खरं. १७ व्या शतकातल्या यादवीनंतरचं सर्वांत लांब सत्र होतं ते. पण नव्या सत्राच्या तयारीला लागतं किती? जॉन्सन यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायालयाला सांगितलं: साधारण चार ते सहा दिवस. इथे घेतले ३४. पाच आठवडे का हवेत, याचं धड कारण सरकारला देता आलं नाही.

मजा मारण्याबद्दल एवढंच, की जॉन्सन २४ जुलैला पंतप्रधान झाले आणि दुसऱ्या दिवसानंतर सभागृह उन्हाळी सुट्टीवर गेलं. १० सप्टेंबरच्या पहाटे टाळं लागलं, तोवर पंतप्रधानांच्या साप्ताहिक प्रश्नोत्तरांना ते एकदाच, ४ सप्टेंबरला, सामोरे गेले होते. देशाचा एवढा मोठा निर्णय तोंडावर असताना सभागृहाच्या तोंडी कोण लागलं नव्हतं, ते ज्यानं त्यानं बघावं.

न्यायालयानं राजकारण केलं, असंही कुणी म्हणतं. २४ सप्टेंबरचा निकाल ११ न्यायाधीशांनी एकमतानं दिला. हुकूम मुळातच बेकायदा. संसदेत तो वाचून दाखवायला आलेले राणीचे प्रतिनिधी जणू कोरा कागद घेऊन आले होते, असं निकालात आहे.

राहिला प्रश्न खासदारांना सुट्टी हवीच होती का. याचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही. निकालानंतर संसद पुन्हा भरली आणि २६ सप्टेंबरला सरकारनं ठराव आणला: हुजूर पक्षाच्या अधिवेशनासाठी थोडे दिवस सुट्टी घेऊ. बाजूनं २८९, विरोधात ३०६. सुट्टी नामंजूर. २ ऑक्टोबरला जॉन्सन मँचेस्टरला पक्षापुढे भाषण करत होते, आणि त्याच दिवशी लंडनमध्ये खासदार घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या, निकालामुळे पुन्हा जिवंत झालेल्या त्या विधेयकावर बोलत होते.