बारा अक्षरं भरली, पण वृत्त कुठंय?

आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींत महिनाभर एक मेसेज फिरतोय. म्हणे, ओळींतली अक्षरं सारखी केली की वृत्त होतं, अभंग हा मुक्तछंदच, यमक जुळलं की गझल, आणि वृत्त म्हणजे पुणेरी पंडितांचा जाच.

अक्षरांचं आधी. ‘सकाळी तळ्याच्या किनारी बसावे’. अक्षरं 12. मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणा, बिनबोभाट बसते. लगागा, म्हणजे एक लघु (आखूड) अक्षर आणि मग दोन गुरू (लांब), असं चारदा; हे भुजंगप्रयात वृत्त. आता ‘बसावे त्या तळ्याच्या काठी सकाळी’. हीही 12च. त्याच चालीवर म्हणा बरं! चौथ्या जागी लघु हवा, तिथे ‘त्या’ ठाण मांडून बसलाय. पाचव्या जागी गुरू हवा, तिथे नुसता ‘त’. जीभ अडखळते ती तिथेच. मोजायची असते ती लघु-गुरूंची जागा.

त्याच मेसेजात पुढे ठोकून दिलंय की जोडाक्षराआधीचं अक्षर नेहमी गुरू. संस्कृतात ठीक. मराठीत कान लावावा लागतो: ‘सत्य’मधल्या ‘स’वर आघात येतो म्हणून तो गुरू, ‘तळ्या’तल्या ‘त’वर किंवा ‘तुझ्या’तल्या ‘तु’वर येत नाही. म्हणून तर वरची ओळ बसली.

अभंगात लघु-गुरूंचं बंधन नाही, एवढं खरं. पण मोठ्या अभंगाचे चरण 6, 6, 6, 4 अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. हा माझाच जुळवलेला नमुना:

मांडवीच्या दारी । उभा मी एकला ।
भवती लोटला । लोकपूर ॥

कविता बेताचीच आहे, पण मोजून घ्या. याला मुक्त म्हणायचं तर कशापासून?

गझलेत ‘वाट होती, लाट होती, दाट होती’ यातलं दरवेळी तसंच येणारं ‘होती’ हा रदीफ, त्याआधीची ‘वाट-लाट-दाट’ ही यमकं म्हणजे काफिये, आणि ‘ट’आधीचा न बदलणारा स्वर ‘आ’ ही अलामत. मध्येच ‘मूठ होती’ आलं की संपलं. शिवाय पहिल्या शेरात, म्हणजे दोन ओळींच्या जोडीत, दोन्ही ओळींत यमक, पुढे फक्त दुसऱ्या ओळीत, आणि वृत्त सगळीकडे एकच. गझल वृत्तातून सुटका देते हे कुणी सांगितलं?

राहिला पुणेरी जाच. मराठीत गझल रुजवणारे आणि ‘छंदोरचना’ हा वृत्तांवरचा ग्रंथ लिहिणारे माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, 1894 साली जन्मले ते याच बडोद्यात.

मेसेजाच्या शेवटी ‘कविता मोठ्यानं म्हणून पाहा’ असं लिहिलंय. तेवढं मान्य. मेसेज पाठवणाऱ्यानं स्वतःच्या ओळी तशा एकदा म्हणून पाहिल्या असत्या, तर हा मेसेज निघालाच नसता.