सुप्रभात, चिनीमाती

लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या हातून काय काय फुटलं याची यादी बायकोला तोंडपाठ आहे, सनावळीसकट. अकरा कप, चार बश्या, देवघरातली काचेची समई, सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी (ही बरणी आमच्या प्रत्येक भांडणात हजेरी लावते) आणि चुलतभावाच्या वास्तुशांतीला त्याच्या दिवाणखान्यातला काचेचा हंस. हंसाला मी हात लावला नव्हता. मी फक्त "वा, काय हंस आहे!" म्हणून बोट दाखवलं होतं. पण इतिहास जिंकणाऱ्यांकडून लिहिला जातो.

आमच्या शोकेसला म्हणूनच कुलूप आहे. आत लग्नात आलेला गुलाबांच्या नक्षीचा टी-सेट. त्यातून आजवर कुणीही चहा प्यायलेलं नाही. पाहुणे येतात, सेट बघतात, "जपून ठेवलायत हो" म्हणतात आणि स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊन जातात. किल्ली कुठे असते ते मला माहीत नाही. लेकीला दहावी झाल्यावर सांगण्यात आलं.

तीच लेक आता इटलीत पेरुजाला शिकते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा शुक्रवारी रात्री ती म्हणाली, "बाबा, उद्या देरुताला जाऊ. उत्सव आहे."

उत्सव म्हटल्यावर मी खूश. पालखी, पेढे, निदान एखादा फुगेवाला. "कुठल्या देवाचा?"

"चिनीमातीच्या भांड्यांचा. गावातले सगळे कारखाने लोकांसाठी उघडे ठेवतात. आत जाऊन बघायचं, हात लावायचा, स्वतः करायचं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातांकडे पाहिलं.

उत्सवाचं नाव ‘बुऑन्जोर्नो चेरामिका’. म्हणजे शब्दशः ‘सुप्रभात, चिनीमाती’. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी साडेपाचला गुलाब पाठवणारे एक काका आहेत, त्यांनीच हे नाव सुचवलं असावं अशी मला शंका आली. २०१५ पासून इटलीतली चाळीसहून जास्त गावं एकाच शनिवार-रविवारी हा प्रकार करतात. आणि ही गावं ऐरीगैरी नाहीत. ‘पुरातन मातीकामाची परंपरा असलेलं गाव’ असा सरकारी मानच तिथे मिळतो, त्यासाठी १९९० साली कायदा केलेला आहे. आमच्याकडच्या कुंभारवाड्यांपर्यंतही कायदा पोचतो, पण तो बहुधा अतिक्रमणाचा.

देरुता पेरुजापासून वीसेक किलोमीटरवर. खाली हमरस्त्याला लागून मोठमोठी दुकानं आणि वर टेकडीवर जुनं गाव. या जुन्या गावात शिरलो आणि माझे पाय आपोआप जवळजवळ आले. सगळंच फुटणारं! भिंतीवर ताटल्या, दारावर घराचा नंबर लिहिलेली फरशी, पायऱ्यांवर कुंड्या, दुकानांबाहेर टेबलांवर वाडगे एकात एक रचलेले, आणि या सगळ्यामधून जायला वाट किती, तर आमच्या बोळातून म्हैस जाते तेवढी. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा चालू लागलो. पाठीवरची सॅक बायकोने काढून घेतली. "वळलात की संपलं," ती म्हणाली.

संग्रहालय आधी केलं, कारण तिथे भांडी काचेच्या कपाटात असतात. हे १८९८ सालचं. आत एका जातीच्या बरण्या होत्या, कमरेत बारीक, वरखाली रुंद. जुन्या काळी औषधवाले यात काढे आणि मलमं ठेवत. फळीवर एकीला एक चिकटून उभ्या असल्या तरी कमरेत बोटं घालून मधली नेमकी उचलता यावी म्हणून हा आकार. तोंडावर कापड बांधून दोरीने आवळायचे. म्हणजे दादराच की! सासूबाईंच्या बरणीला अशी कंबर असती तर ती माझ्या हातून सुटली नसती, हा मुद्दा मी तिथल्या तिथे मांडला. तो फेटाळण्यात आला.

पहिल्या कारखान्यात एक म्हातारे गृहस्थ होते, अंगात मातीने माखलेला एप्रन. त्यांनी माझे पाठीमागचे हात बघितले आणि इटालियनमध्ये काहीतरी म्हणाले. लेकीने सांगितलं, "बाबा, ते म्हणतायत हात लावा, भांडं चावत नाही." मग त्यांनी स्वतःच एक ताटली तीन बोटांवर तोलून धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारली. टण्ण! आवाज बराच वेळ हवेत राहिला. मग कोपऱ्यातली दुसरी घेतली, दिसायला तितकीच देखणी. हिचा आवाज बद्द. कुठेतरी केसाएवढी चीर.

मला भरून आलं. अहो, हे तर मी दर मार्चमध्ये करतो! माठ घ्यायला गेलं की प्रत्येक माठ वाजवून बघितल्याशिवाय आमच्या घराण्यात कुणी पैसे काढलेले नाहीत. मी हात पुढे करून ताटल्या वाजवत सुटलो, टण्ण, टण्ण, टण्ण, आणि म्हाताऱ्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत गोरोबाकाकांची गोष्ट सांगू लागलो. तेरचे कुंभार, संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. लेक भाषांतर करत होती. म्हातारे लक्ष देऊन ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. टिचकी मारली नाही. परदेशात पाहुण्याचा मान ठेवतात.

मग त्यांनी मला चाकावर बसवलं.

हे मी टाळायला हवं होतं, पण फुशारकी नडली. "लहानपणी शाडूचा गणपती मी घरीच करायचो," असं मी बोलून बसलो होतो. (करायचे थोरले काका. मी उंदीर करायचो.) चाक विजेवरचं. मध्ये मातीचा गोळा थापला, पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं, आणि म्हाताऱ्यांनी खुणेनं सांगितलं की आधी गोळा बरोबर मधोमध आणायचा. बाकी सगळं नंतर. कोपरं मांडीवर टेकवायची, तळवे घट्ट धरायचे, आणि माती शांत होईपर्यंत हलायचं नाही. त्यांच्या हाताखाली ती पाच सेकंदांत शांत झाली. चाक फिरतंय हेही कळेना, नुसती ओली चमक तेवढी दिसत होती.

माझ्या हाताखाली ती शांत झाली नाही. ती आधी उजवीकडे झुकली. मी उजवीकडून दाबली, ती डावीकडे गेली. रिक्षातून खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने जाताना मांडीवर कलिंगड धरल्यासारखं वाटत होतं. शेवटी मी अंगठा मध्ये खुपसला आणि आश्चर्य म्हणजे खड्डा पडला, कडा वर येऊ लागल्या, वाटी दिसू लागली! "अगं, बघ बघ!" मी ओरडलो आणि बायकोकडे बघायला वळलो. वळलात की संपलं, हे तिने सकाळीच सांगितलं होतं. वाटीची एक कड लांब झाली, लांबता लांबता उडाली आणि शेजारी आईस्क्रीम खात उभ्या असलेल्या एका जर्मन बाईंच्या बुटावर विसावली. चाकावर जे उरलं त्याला शेपूट होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी आजवर अलंकारिक समजत होतो.

म्हाताऱ्यांनी ते शेपूटवालं प्रकरण दोन हातांनी उचललं, दाबून पुन्हा गोळा केला आणि बाजूच्या ढिगात टाकून दिलं. चेहऱ्यावर काही नाही. ओल्या मातीचं हे एक बरं, तिच्यावर गुन्हा दाखल होत नाही.

पुढच्या कारखान्यात रंगकाम. तिथे मला कळलं की एकदा भाजलेल्या, अजून रंगायच्या भांड्याला हे लोक ‘बिस्कोत्तो’ म्हणतात. बिस्किटच. शब्दाचा मूळ अर्थ दोनदा भाजलेलं, आणि हे तर एकदाच भाजलेलं, पण मी वाद घातला नाही, कारण मी चहाच्या आशेने आत शिरलो होतो. ही बिस्किटं मग पांढऱ्या झिलईच्या पाण्यात बुडवतात. या झिलईत कथील असतं, त्याने तांबूस माती दुधासारखी पांढरी दिसते. झिलई वाळली की भुकटीसारखी बसते आणि त्या भुकटीवर रंगवायचं. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा. कुंचला टेकला रे टेकला की रंग आत ओढला जातो. खोडायचं नाही, पुसायचं नाही, ‘जरा चुकलं’ म्हणायचं नाही. चुकलेली रेघ भट्टीतून पक्की होऊन बाहेर येते.

तिथल्या बाईंनी नक्षी कशी उतरवतात ते दाखवलं आणि आता भरून यायची पाळी बायकोची होती. पातळ कागदावर नक्षीच्या रेघांवरून टाचणीने बारीक बारीक भोकं पाडलेली. कागद ताटलीवर धरायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. ठिपक्यांची नक्षी खाली तयार. "अय्या, हा तर आपला खाका!" ती म्हणाली. तिच्या आईने अशाच टोचलेल्या कागदावर नीळ आणि रॉकेलचा बोळा फिरवून अख्ख्या वाड्यातल्या मुलींच्या उशांच्या अभ्र्यांवर मोर उतरवले होते. दोघींची भाषा एक नाही, पण पुढची पंधरा मिनिटं त्या बोलत होत्या. मी मधल्या वेळात एक पांढरी ताटली उचलून बाजूला ठेवली. न फोडता! फक्त झिलईवर माझ्या अंगठ्याचा ठसा उठला, स्पष्ट, सातबाऱ्यावर उठतो तसा. बाईंनी तो पाहिला, एक खोल श्वास घेतला आणि हसल्या. मग त्यावर सावकाश एक पान काढलं.

बायकोने मग ताटली घ्यायचं ठरवलं. पिवळा-निळा ड्रॅगन, शेपटीच्या जागी वेलबुट्टी. या नक्षीला रफाएल्लेस्को म्हणतात, रफाएल या जुन्या चित्रकाराच्या चित्रांतल्या चित्रविचित्र प्राण्यांवरून. किंमत पंचाऐंशी युरो. मी मनात नव्वदने गुणलं आणि खाली बसलो. बायको मात्र उभीच. तिने ताटली खाली ठेवली, दाराकडे चार पावलं टाकली, थांबली. लक्ष्मी रोडवर यावर दुकानदार हाक मारतो. इथे मारली नाही. "ग्रात्सिए, अरिवेदेर्ची" (आभार, पुन्हा भेटू) म्हणून दुकानदार आपल्या कामाला लागले. चार पावलं परत येण्यासारखी लांब वाट जगात नाही. आम्ही पंचाऐंशीच दिले.

संध्याकाळी लेक म्हणाली, एक देऊळ बघून जाऊ. गावाबाहेर जवळच मादोन्ना देइ बान्यी नावाचं चर्च आहे. माझे पाय मोडले होते, पण बरं झालं गेलो.

त्याची कथा अशी. रस्त्यावर एका कपाचा फुटका तुकडा पडला होता आणि त्यावर मेरी आणि बाळ येशू यांचं चित्र होतं. पायाखाली येऊ नये म्हणून कुणा साधूने तो उचलून ओकच्या झाडावर ठेवला. पुढे १६५७ साली एका व्यापाऱ्याने, घरी बायको आजारी असताना, त्या तुकड्यापुढे नवस बोलला. बायको बरी झाली. त्या झाडाभोवती चर्च उभं राहिलं. फुटक्या कपाच्या तुकड्याचं!

आणि आत भिंतींवर नवसाच्या फरशा. सहाशेहून जास्त. प्रत्येकीवर एकेक आपत्ती रंगवलेली. एक माणूस झाडावरून डोक्यावर पडतोय. एक शिडीवरून. कुणाची बैलगाडी उलटली, कुणाला घोड्याने लाथ मारली, पुढेपुढे तर मोटारींचे अपघातसुद्धा. आणि प्रत्येक चित्रात वर कोपऱ्यात झाडात बसलेली मादोन्ना, म्हणजे मेरी, बघतेय. खाली तीन अक्षरं, पी जी आर, ‘कृपा झाली म्हणून’. साडेतीनशे वर्षांची माणसं नुसती पडतायत! मी एकेका फरशीपुढे थांबत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या जातीची माणसं एकत्र भेटली होती.

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "एका कपाचा एक तुकडा. आणि तू अकरा कप मोजत बसतेस."

ती काही बोलली नाही. फरशांकडे बघत राहिली.

ताटली परत कशी आणली ते सांगत नाही. दोन टॉवेल, माझं स्वेटर, तिच्या दोन सुती साड्या, आणि विमानात नऊ तास ती बायकोच्या मांडीवर. मी शेजारच्या खुर्चीवरही बसायचं नाही असं ठरलं, मधे लेकीची उशी ठेवली. घरी पोचली, अखंड. टिचकी मारली, टण्ण.

आता प्रश्न शोकेसमधल्या जागेचा. बायकोने किल्ली काढली (अजूनही कुठून ते कळलं नाही, मला स्वयंपाकघरात पाठवलं होतं), टी-सेट एका बाजूला सरकवायला घेतला, आणि मला आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

मी बाहेर आलो. माझे दोन्ही हात वर होते, सवयीने. ती शोकेससमोर उभी होती, हातात कपाचा नुसता कान. एकतीस वर्षांत मी तिला इतकी गप्प पाहिली नव्हती. मी खाली वाकलो, एक तुकडा उचलला, उलटून पाहिला. अर्धा गुलाब होता.

"ओक नाही," मी म्हणालो, "पण सोसायटीच्या गेटजवळ आंबा आहे."