पांदणीतली मोहीम

नॉर्वेची माणसं अभिमानानं सांगतात की आम्ही पायात स्की घालूनच जन्माला येतो. आमच्या पोट्ट्यांच्या पायात साधी चप्पल टिकत नाही, आणि एका पायात टिकलीच तर दुसऱ्या पायातली सापडत नाही. साळा तिकडे नोकरीला गेल्यापासून हा फरक आमच्या घरात उठता-बसता काढला जातो. डिसेंबरात त्यानं व्हिडिओ धाडला. त्याचं चार वर्षांचं पोरगं दोन काठ्या टेकत बर्फातून सुळसुळ चाललंय, नाकाचा शेंडा लालबुंद. खाली मजकूर: 'उणे ११. मस्त हवा.'

आमच्या दोघांनी लगेच सराव सुरू केला, तोही मधल्या खोलीत. भाव वाढेल या आशेवर तिथं कापूस भरून ठेवलेला. तुराट्या हातात घेऊन दोघं त्या ढिगावरून दुपारभर घसरले आणि रात्रभर अंग खाजवत बसले. घरात साठवलेल्या कापसानं खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खाज सुटली म्हणून भाव मात्र वाढत नाही.

"यायले बाहेर न्या कुठीतरी," बायको म्हणाली. "माह्या भावाचं एवढंसं पोट्टं जंगलात जाते, अन् आपले कापसात लोळून राहिले!"

जानेवारीतला एक रविवार ठरला. सकाळी पांदणीनं पायी वावरात जायचं, हुरडा खायचा, परत यायचं. अंतर दोन किलोमीटर.

थंडीबद्दल सांगायचं तर, ४६ अंशांत क्रिकेट खेळणारा हा मुलूख ९ अंशांत गारद होतो. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात पारा ३.५वर उतरला होता. ती गोष्ट सांगताना लोक अजूनही मफलर घट्ट करतात. त्यामुळे पोट्ट्यांना बनियन, त्यावर दोन शर्ट, स्वेटर, आजीनं विणलेला आणखी एक स्वेटर, कानटोपी आणि वरून मफलर, असं सगळं चढवलं. धाकट्याचे हात अंगाला टेकेनात. त्याच अवस्थेत त्यानं शी लागल्याचं जाहीर केलं.

उशिरानं का होईना, निघालो. पारावरच्या शेकोटीशी बसलेल्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काहो भाऊ, लेकरं घेऊन कुठी निंगाले? दवाखान्यात काय?"

पांदणीत शिरलो आणि खरी मोहीम सुरू झाली. ओलिताला लाईट रात्रीची. शेजाऱ्यानं रात्री हरभऱ्याला पाणी सोडलं होतं आणि जागरणाच्या झोपेत ते धुरा फोडून पांदणीत आलं होतं. साळा सांगतो, स्कीच्या तळाशी, पावलाखाली, एक मेण लावतात. पाय दाबला की ते बर्फाला धरून ठेवतं, पुढं घसरायचं असलं की सोडून देतं. आमच्या काळ्या मातीचं शिक्षण यात अर्ध्यावरच सुटलेलं आहे. ती धरते. दहा पावलांत थोरल्याचे बूट दुप्पट झाले, वीस पावलांत त्याची उंची वाढली. धाकट्यानं पाय जोरात उचलला, तर बूट चिखलात उभाच राहिला आणि मोज्यातला पाय पुढं जाऊन पडला. पऱ्हाटीच्या काडीनं मी चार बूट खरवडत बसलो. खरवडलेली माती मग काडीला सोडेना.

साळ्यानं फोनवर ऐकवलेली एक कथा तेव्हा आठवली. १२०६ साली तिथल्या यादवीत दोन योद्ध्यांनी हाकोन नावाच्या तान्ह्या राजपुत्राला शत्रूपासून वाचवायला स्कीवरून डोंगरापार नेलं. त्याची आठवण म्हणून रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरची शर्यत होते आणि त्या पोराच्या नावानं प्रत्येकाला पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घ्यावं लागतं. ही सरळ सरळ सवलत आहे. राजपुत्र दोनेक वर्षांचा होता. एवढं पोरगं साडेतीन किलोत बसत नाही. शिवाय ते ओझं दर पाच मिनिटांनी "अजून किती राह्यलं?" असं विचारत नाही, आणि पाठीवर बसून चिखलाच्या बुटानं बरगडीत टाचही मारत नाही.

तेवढ्यात ऊन निघालं. आमच्याकडची थंडी सकाळी जीव घेते आणि दहा वाजता घरी निघून जाते. मग एकेक कपडा उतरू लागला. उतरलेला कपडा कुठं ठेवतात, हे लहान मुलांना जन्मजात माहीत असतं: बापावर. दोन स्वेटर एका खांद्यावर, दोन दुसऱ्यावर, मफलर गळ्यात, कानटोप्या खिशात आणि मानेवर धाकटा. मफलरला गोखरू चिकटलेले, ते मानेला टोचत होते. मला घाम फुटला होता आणि अंगावर कुटुंबाची सगळी लोकर होती.

वावरात सालदार अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजत होता.

"अरे बाप्पा! भाऊ, कपडे इकाले आणले काय?"

हुरडा मात्र झकास होता. तळहातावर गरम कणीस चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि जवसाच्या चटणीसोबत तोंडात टाकायचं. दोघांनी एवढा हाणला की परत चालायचा प्रश्नच मिटला. शेवटी बंडी जुंपावी लागली. बंडीत कापसाची गाठोडी होती, सालदार होता, दोघं पोट्टे होते. मला जागा नव्हती.

संध्याकाळी बायको भावाशी फोनवर बोलत होती. "हो रे, दोन किलोमीटर! पोट्ट्यांले काहीच झालं नाही, उलट पुढच्या रविवारी पुन्हा जातो म्हणते. यायचीच कंबर धरली... नाही रे, यायले कुठी सवय आहे थंडीची!"